फिरोज्याखालचा भुस्सा

पायांत नवी जोडवी घालून एक बाई गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती आणि नाना दुकानाच्या पायरीवर डोळे मिटून बसले होते. बाईच्या हातात बाजाराची पिशवी, चेहरा अवघडलेला. दुसरी फेरी झाल्यावर नाना डोळे न उघडताच म्हणाले, "डावं जोडवं घासतंय. काढ."

"मला काय बी होत न्हाई, नाना."

"आज न्हाई होत. हुरड्यापतोर बोट सोलंल. काढ."

बाई निमूट पायरीवर बसली आणि जोडवं काढून दिलं. नानांनी ते कानशीनं दोनदा घासलं, अंगठ्यानं चाचपलं आणि तिला परत चालायला लावलं.

पाटोद्याच्या बाजारात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असं. मी तिथल्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते आणि खोली शोधत होते. चांदीवाल्या नानांच्या घराची माडी रिकामी आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. बाईचं चालणं संपेपर्यंत मी थांबले आणि मग विचारलं. नानांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं. एका मनगटात सोन्याची पातळ बांगडी होती.

"ही काढून या म्हनत न्हाई मी," ते म्हणाले, "पर घरात सोन्याचं बोलायचं न्हाई. पटत असंल तर खोली बघा."

त्या खोलीत मी सहा वर्षं राहिले.

नाना उंच आणि वाळकुडे होते. पायजमा, पांढरा शर्ट, डोक्याला टोपी. उजव्या हाताचा अंगठा भाजून भाजून इतका गुळगुळीत झालेला की आधार कार्डाच्या मशीनवर त्याचा ठसाच उमटत नसे. तालुक्याच्या कचेरीत बाकीचे लोक यावर वैतागतात. नाना मात्र प्रत्येक वेळी खूश होऊन परत यायचे. "मशीन म्हनती हा मानूसच न्हाई," असं काकूंना सांगायचे. काकू म्हणजे त्यांची बायको. ठेंगणी, बोलकी, कामाला वाघ. नाना दागिना घडवत आणि काकू तो रिठ्याच्या पाण्यात घासून उजळत. लोकांना ते काम किरकोळ वाटे. नानांना वाटत नसे. काकूंनी एखादा दागिना बाजूला सारून "ह्यो न्हाई जमला" म्हटलं की तो पुन्हा ऐरणीवर जायचा.

सोन्याला हात न लावण्याबद्दल बाजारात तीन-चार कथा होत्या. कुणी म्हणे तरुणपणी फसले, कुणी म्हणे वडिलांनी शपथ घातली. एकदा मी सरळच विचारलं. नानांनी तोंडातली फुंकणी काढली.

"सोनं घेनारं मानूस आदी लॉकरचं बोलतंय. चांदी घेनारं हात म्होरं करतंय. मला हात बघायला आवडतंय."

आतून काकू म्हणाल्या, "खोटं हाय, म्याडम. सोन्याचा कन कन झाडून गोळा करायचा कटाळा, दुसरं काय न्हाई."

हात बघायला आवडतात हे मात्र खरं होतं. गिऱ्हाईक आलं की नाना आधी काम विचारायचे. धारा काढता का, कापूस वेचता का, ऊसतोडीला जाता का. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला ते नक्षीची पाटली देतच नसत. तिनं कितीही हट्ट केला तरी गुळगुळीत, कडा मारलेलीच मिळायची. "पाचट अडकतंय," एवढंच कारण. शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या बायकांसाठी मनगटातले जाड गोट करताना आतली बाजू ते बाहेरच्या बाजूपेक्षा जास्त वेळ घासायचे. बाहेरची बाजू लोकांची, आतली तिची, असं त्यांचं म्हणणं. कुणी दागिना बघायच्या आधी वजन विचारलं, तर नाना त्याला अतिशय नम्रपणे भाजीबाजाराचा रस्ता सांगत.

झिजलेला दागिना पाहून ते माणूस ओळखत. एकदा चौसाळ्याकडचा एक मध्यम वयाचा माणूस जुना गोट मोडायला घेऊन आला. नानांनी तो फिरवून पाहिला आणि म्हणाले, "ही बाई डावखुरी हाय. जात्यावर लई दळलंय तिनं. कोन हाय तुजी?"

"आई."

"मग आईला घेऊन ये."

तो माणूस चिडला. चोर समजता का म्हणाला. नानांनी गोट परत दिला आणि कामाला लागले. चार दिवसांनी तो खरंच आईला घेऊन आला, रिक्षातून उतरवून, हाताला धरून. मला वाटलं आता म्हातारी रडेल, गोट परत मागेल. म्हातारी पायरीवर बसली आणि म्हणाली, "मोड रं बाबा. हात वाळला, मला जड होतंय. नातसुनंला पैंजन कर." नानांनी गोट हातात तोलला. मग म्हणाले, "आदी तिला घेऊन या. पाय बघितल्याबिगर पैंजन कसं करू?" मुलानं डोक्याला हात लावला. पण तिसऱ्या खेपेला नातसूनही आली.

अशा माणसाकडे एके दिवशी ते कडं आलं.

नानांचं दुकान ज्यांच्या जागेत होतं, त्यांना सगळा बाजार मालक म्हणत. जमीनजुमला मोठा, राजकारणात वजन, निवडणूक कुठलीही असो, ते कुठंतरी उभे असायचेच. त्यांची पुतणी अमेरिकेत असते. ती एका लग्नासाठी आली होती आणि तिच्या चांदीच्या कड्यातला एक खडा कुठं तरी पडला होता. बीडला तिनं दोन ठिकाणी दाखवलं. एकानं प्लास्टिकचा खडा गोंदानं बसवून देतो म्हटलं, दुसऱ्यानं हातच लावला नाही. मग कुणीतरी तिला नानांकडे पाठवलं.

मी तेव्हा दुकानातच होते. तिनं रुमालातून कडं काढलं आणि नानांनी हातातली कानस खाली ठेवली. रुंद, मागून उघडं असलेलं कडं. वर मधोमध निळ्या खड्यांचं मोठं फूल. एकेक खडा तांदळाच्या दाण्याएवढा, पाण्याच्या थेंबासारखा कापलेला आणि प्रत्येकाला स्वतःचं वेगळं कोंदण. कोंदणाची कड बारीक दातेरी. साठ-सत्तर खडे असतील. त्यातलं एक कोंदण रिकामं होतं.

"फिरोजा हाय," नाना म्हणाले. "कुनी केलं ह्ये?"

"झुनी म्हणून लोक आहेत, काका, अमेरिकेतले मूळचे. त्यांच्यातल्या एका बाईंनी केलंय," पुतणी म्हणाली. "रखरखीत प्रदेशात त्यांचं गाव आहे. घरोघरी हेच काम चालतं. बऱ्याचदा नवराबायको मिळून करतात. एकजण दगड कापतो, दुसरा चांदी बघतो."

"आन् पोटाला?"

"हेच. शिवाय शेती, मेंढरं."

"मेंढरं बी हायत?" नानांचा चेहरा उजळला. "म्हंजे आपल्यातलेच की."

त्यांनी कडं आठ दिवस ठेवून घेतलं आणि आठ दिवस त्याला काहीही केलं नाही. रोज सकाळी उजेडात बसून भिंगातून नुसतं बघत. पुतणीचा निरोप आला की सांगत, "बघतोय म्हनावं." चौथ्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं. कड्याच्या पाठीमागं काहीतरी खरवडलेलं होतं.

"म्याडम, ह्ये काय लिव्हलंय?"

"दोन अक्षरं आहेत. नावाची. ज्या बाईनं हे केलं तिची सही असणार."

नानांनी भिंग खाली ठेवलं. "आमच्या मालावर घेनाऱ्याचं नाव असतंय," ते म्हणाले, "तांब्यावर घालतेत तसं. करनाऱ्याचं मी पैल्यांदा बघितलं." त्या दिवशी ते काकूंनाही दोनदा अक्षरं दाखवत होते. काकूंना वाचता येत नाही. तरी त्यांनी बोट फिरवून पाहिलं आणि "बाईचंच अक्षर दिसतंय," असा निर्वाळा दिला.

नवव्या दिवशी नानांनी रिकामं कोंदण सुईनं साफ केलं. तळाशी तपकिरी भुकटी निघाली. आपल्याकडे पोकळ दागिन्यात लाख भरतात, पण ही लाख नव्हती. काकूंनी चिमूटभर नाकाशी नेली. "लाकूड हाय. भुस्सा. वास बी येतोय बारीक." नाना मांडीवर थाप मारून हसले. दगडाखाली गादी. वरून धक्का बसला तर दगड फुटू नये म्हणून खाली लाकडाचा भुस्सा भरलेला. एवढी साधी गोष्ट आपल्याला जन्मभर सुचली नाही, याचं त्यांना वाईट वाटलं नाही, उलट कितीतरी दिवस ते ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते.

वडिलांनी हैदराबादहून आणलेले काही फिरोजे त्यांच्याकडे एका डबीत होते. त्यातला रंगाला जुळणारा निवडून त्यांनी तो पाण्याखाली घासायला घेतला. पहिला फुटला. दुसरा लहान झाला. तिसरा हिरवट निघाला. काकूंनी शेजारच्या सुताराकडून बाभळीचा भुस्सा आणून चाळून ठेवला आणि रोज विचारू लागल्या, "झाला का?" सातवा खडा बसला. नानांनी कोंदणाचे दात एकेक करून त्याच्यावर वळवले, आणि मग कडं काकूंच्या हातात देऊन म्हणाले, "नवा कुठला, वळख." काकूंना ओळखता आलं. मला आलं नाही.

पुतणी न्यायला आली तेव्हा नानांनी तिला नीट समजावलं, आंघोळीला काढायचं, तेल लागू द्यायचं नाही, फिरोजा तेल पितो आणि हिरवा पडतो. मग म्हणाले, "आन् ताई, ती बाई भेटली तर तिला सांगायचं. एक खडा माझा हाय म्हनून. तिनं समदं आपलंच समजायला नगं."

पुतणी हसली, पण हो म्हणाली.

या गोष्टीला सहा-सात महिने झाले असतील. त्या दुरुस्तीचे फोटो फोनवरून इकडेतिकडे फिरले होते आणि ते पाहून मोठ्या शहरातला एक व्यापारी मालकांच्या ओळखीनं पाटोद्यात आला. चांगलं बोलणारा माणूस. त्याला तसंच एक कडं नमुना म्हणून करून हवं होतं. चांदी त्यानं स्वतःची दिली. तयार कापलेले खडेही आणले होते, पण नानांनी त्यातला एक पाण्यात टाकून बोटानं चोळला, रंग बोटाला लागला, तेव्हा ते खडे परत केले आणि डबीतले आपले काढले.

तो महिना नाना जितके आनंदात होते तितकं मी त्यांना कधी पाहिलं नाही. पुतणीनं पाठवलेले फोटो मी त्यांना फोनवर मोठे करून दाखवायचे. ते म्हणायचे, "त्या बाईनं हितं कसं वळवलं आसंल?" आणि मग दोन दिवसांनी, "कळलं. ती आदी कोंदनं जोडतीय, मग पट्टीवर घेतीय." जणू ती पलीकडच्या गल्लीत बसली होती. कडं पूर्ण झालं तेव्हा काकूंनी ते घातलं आणि एक दिवस चौसाळ्याला बहिणीकडे जाऊन आल्या. परत आल्यावर जेवेपर्यंत त्यांनी कुणी कुणी हात धरून पाहिलं ते सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे दागिने घासणाऱ्या त्या बाईच्या अंगावर मंगळसूत्र आणि जोडव्यांपलीकडं काही मी पाहिलं नव्हतं.

रविवारी व्यापारी आला. मला सुट्टी होती, मी दुकानातच होते. त्यानं काकूंच्या हातातलंच कडं बघितलं आणि खूश झाला. "अगदी तसंच," तो म्हणाला. "काका, असे दोनशे पाहिजेत. माणसं मी देतो, तुम्ही फक्त शिकवा. आणि एक, मागं ही दोन अक्षरं टाका. तशीच, हातानं खरवडल्यासारखी."

त्यानं फोन पुढं केला. फोटोत पुतणीच्या कड्याची पाठ होती.

"कुनाची अक्षरं?" नानांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"त्याच बाईची. तिकडं नावाला मान आहे. चांदी अन् दगड कोण बघतंय?"

"म्हंजे तिनं केलं म्हनून इकनार."

"आपण काहीच म्हणायचं नाही, काका. अक्षरं आहेत, ज्यानं त्यानं समजून घ्यावं."

नाना माझ्याकडे वळले. "म्याडम, ती बाई जिती हाय का?"

"आहे. सत्तरीची आहे असं ताई म्हणाल्या होत्या."

"मग तिची ती टाकंल की," नाना व्यापाऱ्याला म्हणाले. "मी कावून टाकू?"

व्यापाऱ्यानं समजूत घातली. अक्षरं दुसरीकडून टाकून घेऊ म्हणाला. नानांनी त्यालाही नकारार्थी मान हलवली. मग ते काकूंकडे बघून एवढंच म्हणाले, "काढ."

काकूंनी कडं काढलं. लगेच नाही काढलं. मनगटावर एकदा फिरवलं आणि मग काढलं. नानांनी चिमट्यानं खडे एकेक उचलून डबीत टाकले आणि चांदी मुशीत घालून शेगडीवर ठेवली. व्यापारी म्हणत होता, अहो राहू द्या, एवढं चांगलं काम, ठेवा तुमच्याकडे. नाना म्हणाले, "चांदी तुमची हाय. नक्षी तिची हाय. मी शिकाया केलं, शिकून झालं." चांदी वितळून लखलखीत झाली तेव्हा काकू शेजारीच उभ्या होत्या, बघत. नंतर ती लगड गार करून त्यांनीच व्यापाऱ्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मालक आले. बसायला खुर्ची दिली ती त्यांनी घेतली नाही.

"नाना, बाहेरचा मानूस आपल्या गावात काम घेऊन आला. चार पोरांना हाताला काम लागलं असतं. कावून परत लावला?"

"दुसऱ्याचं नाव टाकायचं काम होतं, मालक."

"अमेरिकेतली बाई ती. तिला कोन सांगायला जातंय?"

नानांनी हात पुसले. मग अगदी साधेपणानं, एखादी अडचण विचारावी तसं विचारलं, "तुमची सही मी कुठं कागदावर केली तर तुमाला चालंल का?"

मालक पायरी उतरून निघाले. ज्यांचं सगळं आयुष्य सह्यांवर चालतं त्यांना तो प्रश्न कळला असणार. पाडव्यापर्यंत दुकान रिकामं करा, असा निरोप त्याच आठवड्यात आला. चाळीस वर्षं त्या जागेत ऐरण होती.

मला वाटलं होतं काकू चिडतील. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कॉलेजातून आले, तर त्या अंगणात रिठे फोडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले.

"मी बी भ्याले हाय, म्याडम," त्या म्हणाल्या. "दुकान गेल्यावर कोन येनार हितं गल्लीत? पर ह्यांनी ती अक्षरं टाकली असती ना, तर म्या ह्यांच्या हातची चांदी घासली नसती." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "कडं मात्र लई चांगलं झालतं."

ऐरण, शेगडी आणि हत्यारं घराच्या ओसरीवर आली. दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान झालं. दोन-अडीच महिने खरोखरच कुणी फिरकलं नाही. नाना रोज वेळेवर शर्ट घालून ओसरीवर बसत, हत्यारं पुसत आणि वेळेवर उठत. काकूंनी घासायला काही नाही म्हणून घरातली सगळी तांब्याची भांडी घासली, मग माझीही नेली. मी नानांना म्हटलं, बाजाराच्या दिवशी निदान पाटी लावू या. ते म्हणाले, "ज्याला बोट टोचतंय तो शोधत येतोय." तसंच झालं. आधी माळावरच्या मेंढपाळांच्या बायका आल्या, विचारत विचारत, तिघी-चौघी एकदम. त्यांना बाजारातल्या दुकानातल्या तयार पाटल्या बोचल्या होत्या. मग ओसरी भरायला लागली, आणि गल्लीत पुन्हा बायका फेऱ्या मारताना दिसू लागल्या.

मी सगळी हकिकत त्या पुतणीला कळवली होती. कळवताना जड गेलं, मालक तिचेच काका होते. बरेच दिवस तिचं उत्तर आलं नाही. मग एके दिवशी तिचा आवाज रेकॉर्ड करून पाठवलेला निरोप आला. ती सुट्टीत त्या गावाला पुन्हा गेली होती. त्या बाईला भेटली होती, कडं दाखवलं होतं, एक खडा आमच्या गावच्या काकांचा आहे असं सांगितलं होतं, आणि पुढचं सगळंही सांगितलं होतं. मी फोन नानांच्या कानाशी धरला. काकू हात पुसत जवळ आल्या.

पुतणी म्हणत होती, "काका, त्या आजींनी कडं बराच वेळ पाहिलं. फार बोलत नाहीत त्या. त्यांनी एवढंच विचारलंय, खड्याच्या खाली काय घातलं?"

नानांनी फोन माझ्या हातातून घेतला. तो तोंडासमोर धरून, जरा मोठ्यानं, समुद्रापलीकडं पोचावं अशा आवाजात म्हणाले, "बाभळीचा भुस्सा. चाळून घातलाय म्हनावं."

बाभूळ म्हणजे काय, हा त्या आजींचा पुढचा प्रश्न होता. मी गावाबाहेर जाऊन काट्यांसकट फोटो काढून पाठवला. उत्तर आलं की बाभूळ चालेल, त्या स्वतः सुवासिक लाकडाच्या एका डोंगरी झाडाचा वापरतात. नाना काकूंना म्हणाले, "तू म्हनली होतीस वास येतोय." त्या महिन्यात पाटोद्यात क्वचितच कुणी राहिलं असेल ज्याला ही प्रश्नोत्तरं ऐकावी लागली नाहीत. मालकांच्या ड्रायव्हरलाही नानांनी रस्त्यात थांबवून सांगितलं.

पुढं माझी बदली धारूरला झाली. काकूंचा फोन येत असे. त्यातूनच कळलं की नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय आणि ते ऑपरेशनला तयार नाहीत. मग कळलं, एका डोळ्याचं झालं. नंतर कळलं, दुसऱ्याचंही झालं. आणि मग एके दिवशी काकू रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "म्याडम, तुमी समजवा. डोळं आलं आन् मानूस गेलं माझं."

झालं होतं असं. पट्टी सुटल्यावर नानांनी पहिल्यांदा पाहिलं ते काकूंच्या पायातलं जोडवं. चार वर्षांपूर्वी त्यांनीच केलेलं. त्यांनी ते काढायला लावलं आणि उजेडात धरलं. जोड जाड होता, कड एका ठिकाणी उंच. मग घरातलं होतं नव्हतं ते सगळं पाहिलं. मग शेजारणींचं. त्यांच्या लक्षात आलं की गेली काही वर्षं आपण नीट बघतच नव्हतो, आणि तरी दागिने देत होतो. तेव्हापासून ते येईल त्या बाईला सांगत होते, माझ्या हातचं काय नेलं असंल ते घेऊन या, दुरुस्त करून देतो. बायका म्हणत, नाना, आमाला काय बी टोचत न्हाई. नाना म्हणत, टोचतंय, तुमाला सवय झालीय.

त्या कड्याचीही त्यांना काळजी पडली. मी पुतणीकडून मोठा फोटो मागवून काकूंच्या फोनवर पाठवला. नानांनी तो बोटांनी आणखी मोठा केला, आता त्यांना ते जमत होतं, आणि फोनवर मला म्हणाले, "दोन दात कमी वाकलेत. पर खडा हलायचा न्हाई." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळच होतं.

मी समजवायला गेलेच नाही, कारण पुढच्या बाजाराच्या दिवशी नाना स्वतःच धारूरला आले. एसटीनं, काळा चष्मा लावून, एका पिशवीत लहान ऐरण आणि कानशी, दुसऱ्या पिशवीत काकूंनी दिलेली भाकरी. धारूरच्या बाजूच्या डोंगरातल्या बऱ्याच बायकांनी त्यांच्याकडून गोट नेले होते, त्या पाटोद्याला परत यायच्या नाहीत, म्हणून हे आले होते. दोरखंडवाल्याच्या शेजारी जागा मागून घेतली, पोतं अंथरलं आणि बसले. मी घरी चला म्हटलं तर म्हणाले, "जेवायला येतो. आदी बाजार बघू."

बायका ओळखून थांबत होत्या. काहींनी हसत हसत पाटली काढून दिली. दुपारी मेंढरं राखणारी एक म्हातारी आली. तिच्या दोन्ही हातांत नानांचे गोट होते, पण सांधे सुजून मनगटं अशी झाली होती की गोट निघणंच शक्य नव्हतं. नानांनी आत बोट घालून पाहिलं. आतल्या कडेनं कातडी काळी पडली होती.

"ह्ये कवापासून हाय?"

"हाय आपलं."

"सांगायचं न्हाई का?"

"तुमी केलेलं हाय म्हनलं, असंलच तसं."

नानांनी तिचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला, गोटाच्या आणि कातडीच्या मधे शर्टाच्या खिशातला रुमाल सरकवला आणि सगळ्यात बारीक कानस घेऊन आतली कड घासायला सुरुवात केली. एकदा घासून थांबत, फुंकर मारत, अंगठ्यानं चाचपत. म्हातारी शेळ्यांना आलेल्या रोगाबद्दल सांगत राहिली. आजूबाजूला मिरच्या, दोर, कोंबड्या, सगळा बाजार ओरडत होता. एक हात झाला, मग दुसरा. तासाभरानं तिनं दोन्ही मनगटं फिरवून पाहिली.

"हलकं लागतंय," ती म्हणाली आणि काठी उचलून गर्दीत शिरली.

नाना रुमाल झटकणार होते. मधेच थांबले. रुमालावर चांदीचा कीस पडला होता, नखावर मावेल एवढा. त्यांनी रुमालाची चारही टोकं काळजीनं जुळवली, उठले आणि चष्मा सावरत म्हातारीच्या मागं निघाले. मी म्हटलं, "नाना, एवढ्याशा किसासाठी?"

"तिची चांदी हाय," ते चालता चालता म्हणाले.

मिरचीवाल्यांच्या ओळीच्या पुढं त्यांनी तिला गाठलं. लांबून मला बोलणं ऐकू आलं नाही. म्हातारी आधी हसली, मग हात हलवून नको म्हणाली. नाना रुमाल पुढं धरून तसेच उभे राहिले. शेवटी तिनं पदराचं टोक पसरलं, आणि नानांनी वाकून, वारा लागू नये म्हणून अंगाचा आडोसा करून, तो कीस त्यात ओतला.